तंबूपासून भव्य पडद्यापर्यंत

चित्रपटाचा इतिहास सांगतांना नट, नट्या, दिग्दर्शक आणि गाणीं यांचीच गणना बहुधा होते. ज्या घरांत बसून लोकांनीं हे खेळ पाहिले, त्या घराकडे इतिहासकाराचें लक्ष क्वचितच जातें. वास्तविक पडद्यावरची छाया क्षणभर टिकते, पण त्या छायेसाठीं उभारलेलें घर शहराच्या रचनेंत वर्षानुवर्षें उभें राहतें. आणि कोणीं कोणाच्या शेजारीं बसावयाचें, कोणीं कोणत्या दारानें आंत यावयाचें, हें तें घरच ठरवीत असतें. आज मुंबई, पुणें, हैदराबाद अशा शहरांत एकाच छपराखालीं पांच-सहा पडदे, त्यांतला एखादा अतिभव्य, खालच्या मजल्यांवर कापड, पादत्राणें व दागिने यांचीं दुकानें, वर खाद्यपेयांचा बाजार आणि तळघरांत मोटारींच्या रांगा, अशी जी वास्तु दिसते तिला मल्टिप्लेक्स म्हणतात. ही वास्तु एकाएकीं आकाशांतून पडलेली नाहीं. तिची वंशावळ सव्वाशें वर्षांहून जुनी आहे, आणि त्या वंशावळींत राजवाड्यांच्या जोडीला कापडी तंबूहि आहेत.

ही वंशावळ तपासावयाची तर सोलापूर जिल्ह्यांतील केम या गांवीं उभें राहणें सोयीचें आहे. कारण शहराचा पडदा केवढा आहे हें शहरांतून नीटसें कळत नाहीं, तें दुरून कळतें. करमाळा तालुक्यांतील हें गांव कुंकवासाठीं प्रसिद्ध आहे. हळदीवर संस्कार करून केलेलें येथलें कुंकू ठिकठिकाणच्या क्षेत्रीं जातें आणि केमचें नांव ज्यांनीं कधीं ऐकलें नसेल अशाहि कपाळांवर शोभतें. उत्तरेश्वर हें गांवचें दैवत. पण येथें केमचें महत्त्व निराळ्या कारणानें आहे. जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८६० सालीं सोलापुरास पोहोंचला, आणि तेव्हांपासून मुंबईला दक्षिणेशीं जोडणारा लोहमार्ग केमवरून जातो. या मार्गाच्या एका टोकाला मुंबई, जेथें हिंदुस्थानांतील लोकांनीं चलच्चित्र प्रथम पाहिलें. आणि सोलापूर-वाडीवरून पुढें गेलें कीं हैदराबाद, जेथें २००३ सालीं देशांतील सर्वांत मोठ्या पडद्यांपैकीं एक उभा राहिला. केमच्या फलाटावरून दोन्हीकडच्या गाड्या जातात. मधल्या माणसाच्या वांट्याला या दोन टोकांमधलें काय आलें, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाहीं.

आरंभ मुंबईपासून करणें प्राप्त आहे. पॅरिस शहरीं २८ डिसेंबर १८९५ रोजीं ल्यूमिएर बंधूंनीं तिकिट लावून आपला खेळ दाखविला, आणि त्यानंतर अवघ्या सहा-सात महिन्यांनीं, ७ जुलै १८९६ रोजीं, तोच खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत झाला. प्रवेशमूल्य एक रुपया होतें. त्या काळच्या मजुराला एका रुपयासाठीं कित्येक दिवस राबावें लागे, म्हणजे हा चमत्कार कोणासाठीं होता तें निराळें सांगावयास नको. दाखविलेल्या चित्रांत आगगाडी स्टेशनांत येत असल्याचें एक चित्र होतें. ज्या लोहमार्गानें हा खेळ पुढें मुलुखभर पसरावयाचा होता, त्याचेंच दर्शन पहिल्या दिवशीं पडद्यावर घडावें हा योग मोठा सूचक आहे.

आठवडाभरांतच खेळ हॉटेलांतून नॉव्हेल्टी नाट्यगृहांत गेला, आणि तेथें पहिली महत्त्वाची गोष्ट घडली. तिकिटांचे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळे ठेवण्यांत आले, व पडदानशीन स्त्रियांसाठीं निराळ्या जागा राखल्या गेल्या. म्हणजे चार आणेवाला आणि दोन रुपयेवाला एकाच छपराखालीं आले खरे, पण एकमेकांपासून अंतर राखून आले. हिंदी चित्रगृहाचें पुढील शंभर वर्षांचें विधान या एका जाहिरातींत सांपडतें: पडदा सर्वांना एकच, बसण्याची जागा ऐपतीप्रमाणें. १८९९ सालीं हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावेदादा म्हणत, त्यांनीं हँगिंग गार्डनमधील कुस्तीचें चित्र घेतलें. आणि केंब्रिजहून रँग्लर होऊन आलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या मुंबईंतील स्वागताचेंहि चित्रण त्यांनींच १९०१ सालीं केलें. आतां पडद्यावर आपलीं माणसें दिसूं लागलीं. मात्र त्यांच्यासाठीं स्वतंत्र घर अजून नव्हतें.

तें घर प्रथम कापडाचें झालें. कलकत्त्याच्या मैदानांत जमशेटजी मादन यांनीं १९०२ सालीं तंबू ठोकला. अब्दुल्लाली इसुफल्ली या गृहस्थांची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. १९०१ पासून १९०७ पर्यंत ते ब्रह्मदेश, सिंगापूर, जावा, सुमात्रा या बाजूंस तंबू घेऊन फिरले, आणि १९०८ पासून १९१४ पर्यंत हिंदुस्थानांत फिरले. त्यांचा तंबू शंभर फूट लांब व पन्नास फूट रुंद होता. चार खांबांवर तो उभा राही आणि हजारएक माणसें त्यांत मावत. चित्रें लहान लहान असत. चाळीस-पन्नास मिळून एक खेळ होई. एक गांव झालें कीं तंबू गुंडाळून पुढचा मुक्काम. ज्या फिरत्या व्यवसायाचीं मुळें मराठी मुलुखाच्या जत्रांत पुढें इतकीं खोल गेलीं, त्याचा हा आद्य नमुना होय. १९१४ सालीं अर्देशीर इराणी यांच्याशीं भागीदारी करून इसुफल्ली मुंबईंत स्थिर झाले. त्यांनीं अलेक्झांड्रा चित्रगृह चालविलें आणि चार वर्षांनीं मॅजेस्टिक बांधलें. फिरता तंबू अशा रीतीनें दगडविटांचा झाला.

याच सुमारास दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. खेळ गांवोगांवीं नेतांना फाळक्यांना आपल्या गिऱ्हाइकाचा स्वभाव ओळखावा लागला. ज्या लोकांना थोड्या पैशांत सहा-सहा तासांचें नाटक पाहण्याची संवय, ते दीड तासाच्या खेळाला कसे यावेत? तेव्हां तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रें आणि दोन मैल लांबीचें चित्र पाहावयास मिळेल, अशी जाहिरात त्यांनीं केली. वस्तूचें मोल लांबीरुंदीनें पटवून देण्याची ही युक्ति आजच्या भव्य पडद्याच्या जाहिरातींतहि टिकून आहे. तेव्हां मैल मोजीत, आतां फूट मोजतात. पुण्यास गंगाधरपंत पाठक यांनीं १९१५ सालीं आर्यन चित्रगृह काढलें, आणि मध्यमवर्गीय कुटुंबांना बायकामुलांसह जाण्याजोगें एक ठिकाण मंडईजवळ मिळालें.

बोलपटाच्या जन्माशीं ही कथा एका विलक्षण धाग्यानें बांधली गेली आहे. १४ मार्च १९३१ रोजीं अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट लागला, तो तंबूवाल्या इसुफल्लींच्या भागीदारींतल्या मॅजेस्टिकमध्येंच. गर्दी एवढी उसळली कीं बंदोबस्तासाठीं पोलीस बोलवावे लागले. या बोलपटांत एक लहानशी भूमिका करणारा तरुण आंध्रांतून नशीब काढण्यासाठीं मुंबईस आला होता. त्याचें नांव एल. व्ही. प्रसाद. त्याच वर्षींच्या 'कालिदास' या पहिल्या तामिळ बोलपटांत आणि १९३२ च्या 'भक्त प्रल्हाद' या पहिल्या तेलुगु बोलपटांतहि त्यांनीं काम केलें. पोटासाठीं मुंबईंतील एका चित्रगृहाच्या दाराशीं तिकिटें तपासण्याचें कामहि त्यांना करावें लागलें. पुढें ते मोठे दिग्दर्शक व निर्माते झाले. १९८२ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. दाराशीं उभ्या राहणाऱ्या या माणसाचें नांव हैदराबादच्या पडद्याच्या कथेंत पुनः येणार आहे.

बोलपटानें चित्रगृहाला राजवाड्याचें रूप दिलें. १९३३ सालीं मुंबईंत रीगल उघडलें. व्हिक्टोरिया टर्मिनसचे शिल्पकार फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे चिरंजीव चार्ल्स स्टीव्हन्स यांनीं त्याची आंखणी केली. वातानुकूलित हवा आणि मोटारींसाठीं तळघर या दोन्ही सोयी तेथें होत्या. १९३८ सालीं मेट्रो आणि इरॉस हीं दोन चित्रगृहें पाठोपाठ निघालीं. मेट्रो अमेरिकेंतील मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें स्वतःच्या बोलपटांसाठीं बांधलें. चर्चगेट स्टेशनासमोरच्या इरॉसची आंखणी सोराबजी भेदवार यांची. त्या इमारतींत चित्रगृहाखेरीज दुकानें, उपाहारगृह, कचेऱ्या व नृत्यशाळाहि होती. चित्रपट आणि बाजारपेठ एकत्र आणण्याची कल्पना एकविसाव्या शतकाची आहे असा जो समज आढळतो, त्याला इरॉसची लाल-पांढरी इमारत हें उघड उत्तर आहे. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनीं, १९४९ सालीं, लिबर्टी निघालें. मेहबूब यांच्या 'अंदाज'नें त्याचा पडदा उघडला. इतका थाट तोंवर इंग्रजी चित्रपटांच्याच वांट्याला येई. येथें तो हिंदी चित्रपटाला मिळाला, आणि त्या नांवाचा अर्थ प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला नाहीं.

या राजवाड्यांतहि नॉव्हेल्टीचेंच विधान चाले. पडद्याजवळ स्वस्त जागा, मागें महाग, वर सज्जा. दारें निराळीं, जिने निराळे. गिरणींतला कामगार आणि त्याच गिरणीचा हिशेबनीस एकाच वेळीं एकाच विनोदाला हंसत, पण खेळ सुटल्यावर त्यांची गांठ पडेलच असें नव्हे. तरीहि या व्यवस्थेचा एक गुण नाकारतां येत नाहीं. चित्रपट चालावयाचा तर तो पुढच्या बांकड्यांनाहि रुचला पाहिजे आणि सज्जालाहि रुचला पाहिजे, हें निर्मात्याला विसरतां येत नसे. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या शहरांत पाळीवरून सुटलेल्या कामगाराची शिट्टी हा चित्रपटाचा खरा परीक्षक होता. त्याच्या खिशांतल्या नाण्यांवर चित्रगृहाची खालची जागा भरे, आणि खालची जागा भरली तरच वरच्या सज्जाची शोभा परवडे.

केमसारख्या गांवांची स्थिति अर्थातच निराळी होती. तेथें चित्रपट येई तो जत्रेबरोबर. देवाची पालखी निघाली, पाळणे उभे राहिले, रेवड्या-बत्ताशांचीं दुकानें लागलीं, कीं त्यांच्या पलीकडे मालमोटारींतून उतरलेला तंबू ताणला जाई. ध्वनिवर्धकावरून गाणीं सुरू होत. दिवस मावळला कीं यंत्र फिरूं लागे. जमिनीवर बसावयाचें, पोतें अंथरून बसावयाचें. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मध्यंतरांत पट्टी तुटली तर जोडेपर्यंत धीर धरावयाचा. या तंबूंत आसनांची प्रतवारी फारशी नव्हती, कारण आसनेंच नव्हतीं. महाराष्ट्रांतील हा फिरता व्यवसाय एकविसाव्या शतकांतहि तग धरून राहिला. त्याच्या अखेरच्या पर्वावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनीं अनेक वर्षें खपून केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ सालीं फ्रान्समधील कान महोत्सवांत गौरविला गेला. ज्या तंबूकडे शहर कधीं फिरकलें नव्हतें, तो जगाला दिसला तेव्हां त्याची चित्रफीत गुंडाळली जात होती.

इकडे शहरांत पडदा रुंदावत होता. १९६७ च्या 'अराउंड द वर्ल्ड'नें सत्तर मिलिमीटर रुंदीची चित्रफीत हिंदी चित्रपटांत आणली, आणि १५ ऑगस्ट १९७५ रोजीं मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहांत 'शोले' लागला. त्या चित्रगृहांत तो पांच वर्षांहून अधिक काळ मुक्कामाला राहिला. परंतु एकपडदा चित्रगृहाचें हें वैभव चालू असतांनाच त्याच्या उतरणीचीं कारणेंहि जमत होतीं. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालें. १९८२ पासून दूरदर्शनला रंग आले. पाठोपाठ चित्रफितींचीं यंत्रें घरोघर शिरलीं. सुखवस्तु कुटुंबें घरीं राहूं लागलीं. त्यांच्याबरोबर सज्जाचें उत्पन्न गेलें, उत्पन्न गेल्यावर डागडुजी थांबली, आणि डागडुजी थांबल्यावर उरलेलीं कुटुंबेंहि फिरकेनाशीं झालीं. हजार आसनांच्या घरांत दोनशें माणसें बसलीं तरी दिवे, पंखे, नोकर आणि कर यांचा खर्च हजारांचाच येई.

या अडचणींतून मल्टिप्लेक्स निघाला. हजार आसनांच्या एका दालनाऐवजीं दोन-अडीचशें आसनांचीं चार दालनें केलीं, तर एक चित्रपट पडला तरी बाकीचे तीन घर सांभाळतात. ज्याला गर्दी आहे तो दोन पडद्यांवर चढवितां येतो, ज्याची ओसरली तो लहान दालनांत हलवितां येतो. यंत्रशाळा एक, तिकिटांची खिडकी एक, नोकरवर्ग एक. याचा हिशेब इतका सरळ आहे. दिल्लींतील साकेत येथें १९९७ सालीं पी. व्ही. आर. अनुपम हें हिंदुस्थानांतील पहिलें मल्टिप्लेक्स सुरू झालें. महाराष्ट्रांत करमणूक कराचा कायदा १९२३ पासून होता, आणि तिकिटाच्या पैशांतला मोठा भाग सरकारजमा होई. २००१ सालीं राज्य सरकारनें मल्टिप्लेक्सांना पहिलीं तीन वर्षें हा कर पूर्ण माफ केला व पुढचीं दोन वर्षें त्याचा चौथा हिस्सा भरण्याची सवलत दिली. इमारती भराभर उठूं लागल्या त्या या सवलतीच्या पायावर. ज्या जुन्या एकपडदा चित्रगृहांनीं पिढ्यानपिढ्या कर भरला होता, तीं मात्र तो भरीतच राहिलीं. नव्या व जुन्या घरांची स्पर्धा बरोबरीची नव्हती, ही गोष्ट इतिहासांत नमूद झाली पाहिजे.

त्याच २००१ सालीं मुंबईंत वडाळा येथें घुमटाकार आयमॅक्स पडदा उभा राहिला. आयमॅक्स ही पद्धति कॅनडांतली. १९६७ सालच्या माँट्रियल येथील जागतिक प्रदर्शनांत अनेक यंत्रांनीं एकत्र चित्रें टाकण्याचे जे प्रयोग झाले, त्यांच्या अडचणींतून एकाच बलवान यंत्राची कल्पना निघाली, आणि १९७० सालीं जपानांतील ओसाका येथील प्रदर्शनांत ती प्रत्यक्षांत आली. तिच्यांतील मर्म साधें आहे. नेहमींची चित्रफीत यंत्रांतून वरून खालीं सरकते. आयमॅक्सची सत्तर मिलिमीटरची फीत आडवी धांवते, आणि तिचें एकेक चित्र पंधरा छिद्रांइतकें लांब असतें. त्यामुळें त्या चित्राचें क्षेत्रफळ नेहमींच्या पस्तीस मिलिमीटरच्या चित्राच्या नऊ-दहा पट भरतें. चित्र मुळांतच मोठें असल्यानें तें कितीहि पसरलें तरी फिकें पडत नाहीं. फीत मिनिटाला सुमारें ३३७ फूट धांवते; पस्तीस मिलिमीटरची फीत ९० फूट धांवे. आसनें उभ्या चढणीवर मांडतात, म्हणजे पडद्याची कड नजरेबाहेर जाते आणि पाहणाराला आपण चित्राच्या समोर नसून चित्रांत आहों असा भास होतो. पुढें फितीची जागा संगणकीय आंकड्यांनीं व लेझर किरणांनीं घेतली, परंतु पडद्याची कड दिसूं नये हें तत्त्व कायम राहिलें.

हैदराबादेस हुसेनसागर तलावाजवळ २००३ सालीं जें प्रसाद मल्टिप्लेक्स उघडलें, तें एल. व्ही. प्रसाद यांच्या कुटुंबाचें. त्यांचे चिरंजीव रमेश प्रसाद यांनीं तें उभारलें. मुख्य पडदा ७२ फूट उंच आणि ९५ फूट रुंद, म्हणजे इसुफल्लींच्या तंबूच्या लांबीहून थोडासाच कमी. समोर ६३५ आसनें. भोवतीं इतर दालनें, दुकानें, खाण्याचीं ठिकाणें व मुलांचे खेळ. चित्रगृहाच्या दाराशीं उभ्या राहिलेल्या माणसाच्या घराण्यानें हा पडदा उभारावा, आणि त्याच माणसाच्या दानांतून त्याच शहरांत १९८७ सालीं डोळ्यांचें मोठें रुग्णालय निघावें, हा योगायोग कथाकारानें रचला असता तर कृत्रिम वाटला असता. आज तें चित्रगृह आयमॅक्स या नांवानें चालत नाहीं; यंत्रें बदललीं, पण पडद्याच्या भव्यतेचा अभिमान त्या शहरानें सोडलेला नाहीं.

दुकानांचा आणि पडद्याचा संबंध मात्र इरॉसच्या काळाहून आतां पालटला आहे. पूर्वीं लोक चित्रपटासाठीं येत आणि जातां जातां दुकानांत डोकावत. आतां इमारत उभी राहते ती दुकानांच्या भाड्यावर. पडदा हा लोकांना वरच्या मजल्यापर्यंत चढविणारा जिना झाला आहे. तिकिटाच्या पैशांत वितरक व निर्माता यांचा वांटा असतो, लाह्यांच्या पुड्यांत नसतो. म्हणून लाह्या तिकिटाशीं स्पर्धा करूं लागल्या. १ जुलै २०१७ पासून करमणूक कर जाऊन वस्तु व सेवा कर आला, आणि त्यांत शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला कमी व त्यावरच्या तिकिटाला अधिक अशी रेघ आंखली गेली. शंभर रुपयांची ती रेघ कायद्याच्या पुस्तकांत आहे. शहरांतल्या भव्य पडद्यापुढें तिच्या खालचें आसन शोधणें कठीण. नॉव्हेल्टींत चार आण्यांची जागा तरी होती. नव्या घरांत भिंत आंतून काढली गेली आहे, कारण ती दाराबाहेर बांधली गेली आहे.

मराठी चित्रपटाला हें दार कसें उघडलें, हा या इतिहासाचा स्वतंत्र अध्याय आहे. १९७१ सालीं दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर चित्रगृहांत जागा मिळावी म्हणून शिवसेनेनें आंदोलन केलें, आणि मुंबईच्या भरवस्तींत मराठी बोलपटाला घर मागावें लागतें ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांपुढें आली. पुढें परवान्याच्या अटींत मराठी खेळांसाठीं कांहीं दिवस राखण्यांत आले. मल्टिप्लेक्सांच्या काळांत प्रश्नाचें रूप सूक्ष्म झालें. पडदा मिळे, पण सकाळीं, किंवा लोक कामावर असतांना. २०१५ सालीं राज्य सरकारला दुपारी बारा ते रात्रीं नऊ या वेळांत मराठी खेळ ठेवावा असें मल्टिप्लेक्सांना सांगावें लागलें. जागा आणि वेळ या दोन्ही वस्तु विकत मिळूं लागल्या, म्हणजे ज्याची पिशवी हलकी त्याला पहांटेचा खेळ येतो.

नेमका त्याच वेळीं उलट दिशेचा एक प्रवाह केमच्या परिसरांतून निघाला. केमपासून रेल्वेनें थोड्याच अंतरावर असलेलें जेऊर हें नागराज मंजुळे यांचें गांव. त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'फँड्री'नें त्यांचें नांव देशभर नेलें, आणि २९ एप्रिल २०१६ रोजीं 'सैराट' प्रदर्शित झाला. त्याचें पुष्कळ चित्रण करमाळा तालुक्यांतच झालें. तेथलीं रानें, तेथलें पाणी, तेथली बोली आणि तेथला जातीचा काच तसाच्या तसा पडद्यावर आला. शहरांतल्या वातानुकूलित दालनांत कॉलेजांतलीं मुलें या बोलींतले शब्द घोकूं लागलीं, आणि लहान गांवांच्या चित्रगृहांत गर्दी मावेना म्हणून कांहीं ठिकाणीं मध्यरात्रीनंतरचेहि खेळ ठेवावे लागले. शंभर कोटींच्या पुढें उत्पन्न नेणारा हा पहिला मराठी चित्रपट. गिऱ्हाइकाला पुढचीं बांकडीं व सज्जा अशा दोन जाति असतात, आणि नव्या काळांत त्या दोघांना एकच चित्रपट रुचणें शक्य नाहीं, असें जें धरून चाललें जात होतें, तें या एका गोष्टीनें खोटें ठरविलें. परंतु ज्या मातींत तो चित्रपट उगवला, तेथल्या माणसाला भव्य पडदा पाहण्यासाठीं अजून गाडीच पकडावी लागते.

राजवाड्यांचें पुढें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. मेट्रो २००६ सालीं अनेक पडद्यांचें झालें. इरॉस २०१७ सालीं बंद पडलें. त्याची व रीगलची गणना ज्या वास्तुसमूहांत होते, त्याला २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला. मान मिळाला तेव्हां इरॉसचा पडदा अंधारांत होता. २०२० व २०२१ सालीं महामारीमुळें महाराष्ट्रांतील सर्वच चित्रगृहें कित्येक महिने बंद राहिलीं, आणि जीं एकपडदा घरें आधींच खिळखिळीं होतीं, त्यांपैकीं कित्येकांना दार पुनः उघडणें झेपलें नाहीं. अखेर २०२४ सालीं इरॉस उघडलें, तें आयमॅक्स म्हणून. बाहेरची लाल-पांढरी इमारत जशीच्या तशी, आंत बाराशेंहून अधिक आसनांच्या जागीं सुमारें तीनशें आसनें, आणि बाकीच्या मजल्यांवर दुकानें. वास्तु वांचली, पडदा वाढला, प्रेक्षक घटले.

या सर्व हकीकतींतून एक गोष्ट निष्पन्न होते. चित्रगृहाची सुधारणा दोन दिशांनीं मोजतां येते: पडदा किती मोठा झाला, आणि त्यासमोर किती निरनिराळीं माणसें बसलीं. पहिल्या मापानें पाहिलें तर वॉटसन हॉटेलांतील चादरीएवढ्या पडद्यापासून आजवर प्रगति अखंड झाली आहे. दुसऱ्या मापानें पाहिलें तर आलेख चढला आणि उतरला. वॉटसनमध्यें एक रुपयेवालेच होते. नॉव्हेल्टीनें, तंबूनें आणि एकपडदा घरांनीं त्यांत गिरणीकामगार, शेतकरी, बायका, मुलें आणलीं. आणि भव्य पडद्याच्या दालनांत पुनः एक रुपयेवाल्यांचे वंशज बसले आहेत. अंधारांत अनोळखी माणसाच्या शेजारीं बसून त्याच प्रसंगाला डोळे पुसणें, ही या देशांतील फार थोड्या ठिकाणीं साधलेली गोष्ट होती. देवळांत ती सर्वांना साधली नाहीं, शाळेंत उशिरां साधली. चित्रगृहांत, भिंती व दारें असूनहि, बरीच साधली. म्हणून शंभर रुपयांच्या आंतलें आसन हा व्यापाऱ्याच्या हिशेबाचा प्रश्न असला तरी तेवढाच नव्हे. ज्या कुटुंबांना भव्य पडदा परवडतो, त्यांनीं दिवे मालवण्यापूर्वीं आपल्या डावी-उजवीकडे एकदां पाहावें. शेजारीं कोण नाहीं, हेंहि चित्रपटाच्या इतिहासांत लिहिलें जात असतें.